हद्दीपलीकडची मंडळी

माझा धाकटा भाऊ लुशियस मिसिसिपीत राहायला गेला तेव्हा मी त्याला काही बोलले नाही. खोटं कशाला सांगू, बोलले, पण एकदाच. आमचं मेम्फिस टेनेसी राज्यात, आणि दक्षिणेला एक रस्ता ओलांडला की मिसिसिपी सुरू. तिकडे कर कमी, शाळा नव्या, अंगणं ऐसपैस. वीस वर्षांत आमच्या भागातली निम्मी घरं तिकडे गेली. त्यांच्यामागे किराण्याचं मोठं दुकान गेलं, बँक गेली, मग शाळेला टाळं लागलं. सकाळी हीच माणसं गाड्या हाकत आमच्या शहरात कामाला येतात, आमचे रस्ते झिजवतात आणि संध्याकाळी हद्द ओलांडून झोपायला जातात. जाईनात का बापडी! पण गेल्या मार्चमध्ये लुशियस माझ्या स्वयंपाकघरात बसून, माझ्याच हातचा तळलेला मासा आणि स्पॅगेटी चापत म्हणाला, "ताई, चर्चही तिकडे न्यावं म्हणतोय."

"कुणाचं चर्च?"

"आपलंच. माउंट एलिम. दोनशे सभासदांतले सव्वाशे आता तिकडे राहतात. इथे छप्पर गळतंय, गाड्या लावायला जागा नाही. तिकडे नवीकोरी इमारत मिळतेय."

"आणि मी कशी येऊ? सिटी बस हद्दीशी वळून परत येते, माहितीये ना?"

"मी येईन की न्यायला."

"दर रविवारी? अरे, माझा वाढदिवस तुला दोनदा आठवला नाही, आणि म्हणे न्यायला येईन!"

तो हसला नाही. लुशियस आमच्या चर्चचा मुख्य डीकन, म्हणजे सगळा कारभार त्याच्या हातात. त्यानं सांगून टाकलं की मेच्या दुसऱ्या रविवारी, उपासनेनंतर, मतदान. हजर असलेल्या सभासदांनी हात वर करायचे, जिकडे जास्त हात तिकडे निकाल. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली! त्याच्या पुढ्यातली ताटली उचलली आणि धुवायला टाकली. अर्धा मासा राहिला होता त्याचा.

मी व्हर्लीन गेदर. चाळीस वर्षं पांढरे हातमोजे घालून माउंट एलिमच्या दारात उभी राहते, येणाऱ्याला जागेवर बसवते. माझं लग्न तिथे झालं, नवऱ्याला निरोप तिथूनच दिला. ते चर्च गेलं तर मी रविवारी टीव्हीसमोर बसून 'आमेन' म्हणू? कुणाला, टीव्हीला?

दोन दिवस चरफडले. तिसऱ्या दिवशी भांडी घासताना लख्ख उजाडलं. लुशियसनं मतदान ठेवलं होतं उपासनेनंतर! आमच्याकडे दर रविवारी प्रवचन संपलं की पाळकसाहेब हात पसरून म्हणतात, "चर्चची दारं उघडी आहेत." ज्याला सभासद व्हायचंय त्यानं मधल्या वाटेनं पुढे यायचं. पूर्वी कुठेही बाप्तिस्मा झालेला असला, की मुख्य डीकन त्याचा हात हातात घेतो, मंडळी 'आमेन' म्हणते, आणि तो त्या क्षणापासून सभासद. कागद नाही, सही नाही. पण गेली तीन वर्षं कुणी पुढे आलंच नव्हतं, त्यामुळे लुशियस ते विसरूनच गेला होता. मी बरी विसरेन!

दुसऱ्या दिवसापासून दारोदार फिरले. बुधवारी आमच्या तळघरात जेवायला येणारे, आपली माणसं आमच्याच चर्चमधून पुरणारे, पण सभासद कधीच न झालेले लोक आमच्या भागात ढिगानं. ज्याला त्याला विचारावं तर उत्तर एकच, "मी अजून तेवढा चांगला झालो नाही हो."

टायरवाला क्लिओफस यान्सी म्हणाला, "मिस व्हर्लीन, मी आत पाऊल टाकलं तर छप्पर कोसळेल."

"ते आधीच गळतंय. तू ये, कोसळलं तर नवं घालू."

केशरचनेच्या दुकानातली कीशॉना मात्र म्हणाली, "माझा बाप्तिस्माच झालेला नाही."

"मग तुझं मत चालायचं नाही, पोरी," मी म्हटलं. नियम तो नियम. तिनं मान डोलावली आणि मी तिला मनातल्या मनात यादीतून काढून टाकलं.

तो रविवार उजाडला. दारासमोर मिसिसिपीच्या नंबरपाट्यांच्या गाड्या चकचकत उभ्या. मी आत येणारी डोकी मोजली: तिकडचे एकशे दहा, इकडचे आम्ही साठ. माझे नवे सगळे आले तर अडतीस. म्हणजे तरीही बारा कमी!

प्रवचन झालं. पाळकसाहेबांनी हात पसरले. ऑर्गनवर एक कडवं झालं, दुसरं झालं. कुणी उठेना! पुढे लुशियस घड्याळ बघतोय, आणि क्लिओफस शेवटच्या बाकावर आपले बूट न्याहाळतोय. मी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

"उठतोस की कान धरून उठवू?"

"गुडघे, मिस व्हर्लीन, गुडघे!"

पण उठला. लंगडत निघाला. मागून दुसरा, मग चौघं, मग सगळी वाट भरून गेली.

तिकडचे ब्रदर ऑर्व्हिल ताडकन उभे राहिले. "ही मतांसाठी गोळा केलेली माणसं आहेत!"

"हो, मतासाठी आलोय," क्लिओफस म्हणाला, "आणि देवासाठीही. तुम्ही निघालात तेव्हा कळलं, तुम्ही आमचे कोण होतात ते."

सगळे लुशियसकडे बघायला लागले. त्यानं नाही म्हटलं असतं तर तिथेच संपलं असतं. पण आमच्या बाबांनी आम्हाला एक गोष्ट पक्की शिकवली होती, की त्या वाटेनं चालत आलेल्याला परत पाठवायचं नाही. लुशियसनं क्लिओफसचा टायरांनी काळाकुट्ट झालेला हात हातात घेतला. मग एकेकाला बाप्तिस्म्याचं विचारत उरलेले सदतीस हात घेतले.

शेवटी एकोणचाळिसावी कीशॉना उभी! लुशियसनं तिलाही तेच विचारलं तशी ती म्हणाली, "बाप्तिस्मा झालेला नाही."

लुशियस हळूच म्हणाला, "मग आज तुला मत देता येणार नाही, बाळ."

"माहितीये. मिस व्हर्लीननी सांगितलंय. मला एवढंच विचारायचंय, बाप्तिस्म्याला किती दिवस लागतात? तोवर तुम्ही इथे असाल ना?"

लुशियसनं बाकांवरच्या मंडळीकडे पाहिलं.

मग मतदान. जायचं म्हणणारे हात: पंच्याऐंशी. मी पुन्हा मोजले. पंच्याऐंशीच! राहायचं म्हणणाऱ्यांत पहिला हात कुणाचा वर गेला असेल? लुशियसच्या बायकोचा, बर्निटाचा! तिच्यामागे तिकडचे आणखी चोवीस.

"काय बघतोस?" ती नवऱ्याला म्हणाली. "वीस मिनिटांचा तर रस्ता आहे. रोज कामाला येतोसच ना?"

एकशे तेवीस विरुद्ध पंच्याऐंशी. लुशियस उभा राहून म्हणाला, "माउंट एलिम इथेच राहणार." मी चाळीस वर्षं दारात गप्प उभी राहिलेली बाई, पण त्या दिवशी अशी ओरडले की बाहेर कुत्री भुंकायला लागली. ऑर्व्हिलनी दोन्ही कानांवर हात ठेवले. ठेवू देत!

वेदीमागचा बाप्तिस्म्याचा हौद तीन वर्षं कोरडा पडला होता. त्याला भेगा गेल्या होत्या, तळाशी जुन्या खुर्च्या रचलेल्या. शनिवारी बघते तर लुशियस बाह्या वर सारून आत उतरलेला, क्लिओफस टायरच्या डिंकानं भेगा बुजवतोय, आणि दोघं एकमेकांवर खेकसताहेत.

रविवारी हौद काठोकाठ भरला. पांढऱ्या झग्यातली कीशॉना पहिल्या पायरीवर घाबरून थबकली. लुशियस पाण्यात आधीच उभा होता, कंबरेपर्यंत भिजलेला.

"ये," तो तिचा हात धरून म्हणाला. "आम्ही इथेच आहोत."