बाळाबाईचा डबा

शेजारच्या बाळाबाईंनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा रशीदच्या खाटेवर उपडा केला. अर्धवट संपलेल्या गोळ्यांची पाकिटं चादरीवर पसरली.

“कणकण वाटली तर ही लाल घे. पोट बिघडलं तर ही.”

सतरा दिवस कोल्हापूरच्या दवाखान्यात काढून रशीद कालच कुरुंदवाडला परतला होता. त्याने बायकोकडे पाहिलं. नजीराने मान खाली घातली.

डॉक्टर स्पष्टच बोलले होते. पोट बिघडलं की रशीद दोन गोळ्या खायचा, बरं वाटलं की सोडायचा. असं करत आतड्यातले जंतू औषधाला दाद देईनासे झाले, आणि तेच रक्तात उतरले. चौथं औषध लागू पडलं म्हणून माणूस वाचला. असले जंतू गल्लीभर पसरतात, गोळ्या कुणी दिल्या ते सांगा, तिथं तपासणी करू, असंही म्हणाले. नजीराने नाव सांगितलं नव्हतं.

काय सांगणार? महापुरात बाळाबाईंनी आधी म्हशींची दावी सोडली आणि मग हाच डबा पदरात बांधून नेला, तोही गल्लीसाठी. या सतरा दिवसांत नजीराच्या शेळ्या त्यांनीच राखल्या, रोज सकाळच्या एसटीने भाकरी धाडली. असल्या बाईचं नाव घ्यायचं? जीभ झडली असती तिची.

“आक्का, डबा माझ्यापाशी ठेवू?”

“ठेव की. आजारपण तुझ्याच घरात हाय.”

नजीराने गोळ्या पिशवीत बांधल्या, डबा घासला. शेजारणीचं भांडं रिकामं परत करायची रीत गल्लीत नव्हती. तिने नानकटाई भाजली आणि डबा काठोकाठ भरून नेला.

बाळाबाईंनी झाकण उघडलं.

“आन् गोळ्या गं?”

“डॉक्टरास्नी द्यायच्यात. अर्धवट खाल्ल्यानं जंतू निब्बर हुत्यात म्हणं.” नजीरा त्यांच्यापाशी बसली. “आक्का, तुमी हुतासा म्हणून माझं घर उभं ऱ्हायलं. त्ये मी मरंपतोर इसरणार न्हाय. पण ह्या गोळ्या आता कुणाला देऊ नगासा.”

बाळाबाईंनी डब्यातून एक नानकटाई उचलली.

“कुणी दिल्या म्हणून इचारलं असंल त्येनी.”

“व्हय.”

“मग?”

“न्हाय सांगितलं.”

बाळाबाईंनी नानकटाई मोडून अर्धी नजीराच्या हातावर ठेवली, अर्धी स्वतः खाल्ली. मग कमरेची चंची सोडली आणि सुपारीखालून एक पाकीट काढलं. त्यात चार गोळ्या उरल्या होत्या.

“ह्या माझ्यापुरत्या ठेवलत्या. ह्या बी ने,” त्या म्हणाल्या. “आन् डॉक्टरला सांग, बाळाबाईनं दिल्या म्हणून. पयली तपासणी माझी करू दे.”