मधली खुर्ची

थेरपिस्ट जोअॅनबाईंनी अरुणाला उठवलं आणि तिची खुर्ची उचलून थेट खिडकीपाशी नेऊन ठेवली. अरुणा बघतच राहिली. नवरा आणि मुलगा यांच्या मधोमध बसायची तिला इतकी सवय, की तिथून उठल्यावर हातांचं काय करावं तेच तिला कळेना.

"आज तुम्ही फक्त ऐकायचं," जोअॅनबाई तिला म्हणाल्या. मग त्या दोघांकडे वळल्या. ज्या भाषेत भांडता त्याच भाषेत बोला, मला समजलं नाही तरी चालेल, असंही त्यांनी सांगून टाकलं. फॅमिली थेरपीची ही तिसरी बैठक. पहिल्या दोन्हींत बापलेक जे काही बोलले ते अरुणाकडे बघून, आणि बाईंनी ते बरोबर हेरलं होतं.

अरुणाचे यजमान चंद्रकांतराव म्हणजे कॅनडातल्या हॅमिल्टनचे हाडांचे निवृत्त सर्जन. अनुपनं मेडिकल अर्ध्यात सोडलं, जवळच्याच किचनर गावात लाकडी फर्निचरचं वर्कशॉप थाटलं, आणि बापलेकांचं बोलणं बंद पडलं. सात वर्षं! सगळे निरोप अरुणामार्फत. 'बाबांना सांग', 'तुझ्या चिरंजीवांना सांग'. निरोप जसाच्या तसा पोचवला तर घर पेटायचं, म्हणून ती वाटेत त्यात दोन चमचे साखर घालायची. आता अनुपला मुलगी झाली होती, केया, आणि आजोबांनी तिला अजून पाहिलंही नव्हतं. बाबा थेरपीला आले तरच तिला त्या घरात आणीन, असं अनुपनं बजावलं होतं. शेकडो पेशंटना कौन्सेलिंगला पाठवलेले चंद्रकांतराव स्वतः मात्र यायला तयार नव्हते. मग मीच एकटी बर्फात हायवेवरून गाडी नेते, असं अरुणा म्हणाली, तेव्हा मुकाट्यानं बूट घालायला लागले.

अनुपनं खुर्ची वडिलांकडे वळवली.

"बाबा, वर्कशॉप उघडलं तेव्हा तुम्ही आईजवळ म्हणालात, पोराच्या हाताला गुण आहे. त्या एका वाक्यावर मी ते पहिलं वर्ष सर्व्हाइव्ह केलं. मग मला एक फोन का नाही केलात?"

अरुणा खुर्चीत पुढे सरकली. असलं काही ते म्हणालेच नव्हते. 'म्हणावं, आता पोळपाट-लाटणी विक,' असं म्हणाले होते. झालं, संपलं सगळं. ती तोंड उघडायला गेली, पण जोअॅनबाईंनी नुसता हात वर केला.

"मी तसं म्हणालो नव्हतो," चंद्रकांतराव म्हणाले.

अनुपचा चेहरा पडला.

"पण तू तर दर रविवारी माझ्या बीपीची चौकशी करायचास."

"मी? नाही."

दोघांनी एकदमच खिडकीकडे पाहिलं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं अरुणाला झालं. आधी हसू कोणाला फुटलं कोण जाणे, पण बापलेक दोघंही हसायला लागले, आणि हसता हसता चंद्रकांतरावांनी चष्मा काढून डोळे पुसले.

"आईच्या साठीला तू टेबल पाठवलंस ना," ते म्हणाले. "मी त्याखाली आडवा पडून बघितलंय. एक स्क्रू नाही. मी जन्मभर हाडांना स्क्रू मारत आलो, अनुप. तेव्हा म्हणालो नव्हतो. आता म्हणतो. हाताला गुण आहे तुझ्या."

अनुप मान खाली घालून बसला.

"केयाला कधी आणू?" त्यानं विचारलं.

चंद्रकांतरावांनी सवयीनं अरुणाकडे पाहिलं. ती पार्किंगमधला बर्फ ढकलणाऱ्या गाडीकडे बघत राहिली, ओठ घट्ट मिटून.

"उद्याच आण," त्यांना अखेर स्वतःच बोलावं लागलं. "मी सकाळी ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करून ठेवतो."

"तुम्ही नका करू, या वयात. मी येऊन करीन."

"सर्जन मी आहे. माझी पाठ मला कळते."

"बाबा, प्लीज."

दोघंही एकापेक्षा एक हट्टी. आवाज चढायला लागले. भाषा न कळणाऱ्या जोअॅनबाईंनी काळजीनं अरुणाकडे पाहिलं, मध्ये पडायचं का? अरुणानं हसून नाही म्हणून मान हलवली, आणि खुर्चीत आरामात मागे टेकून बसली.