झाकणाआतला कागद

लाखनीत हायवेच्या एका बाजूला खुशालचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं आणि बरोबर समोर डोमाचं. मधून दिवसभर ट्रक जायचे, त्यामुळे समोरचं दुकान खुशालला सलग कधी दिसायचं नाही, तुकड्यातुकड्यानं दिसायचं. पोटात दुखायला तेवढंही पुरे होतं.

डोमा येण्याआधी सतरा वर्षं खुशालच्या हाताखालून गेल्याशिवाय गावातला बंद पडलेला रेडिओ पुन्हा बोलला नव्हता. दुरुस्त केलेल्या प्रत्येक रेडिओच्या झाकणाआत तो एक कागद चिकटवायचा: नाव, तारीख, काय काम केलं, पुढच्यानं काय सांभाळावं. भंडाऱ्याच्या त्याच्या उस्तादाची तशी शिकवण होती. ‘उगडनारा तुले ओळखत नसते, पन त्याचा हात वाचला पायजे,’ असं म्हातारा म्हणायचा. डोमानं दुकान टाकल्यापासून मात्र खुशालनं कागद चिकटवणं बंद केलं. आपली अक्कल आपणच लिहून त्याच्या हातात कशाला द्यायची?

डोमा हा पोस्टमन आनंदरावचा मुलगा. नागपुरात चार वर्षं टेपरेकॉर्डरच्या दुकानात राबला आणि ब्याऐंशीत गावी परतला. आला तो आला, वर गोड बोलायचा. भांडखोर असता तर खुशालची किती सोय झाली असती! रस्त्यात भेटला की तो आधी नमस्कार करायचा, आणि मग खुशालचा अर्धा दिवस त्या नमस्कारात खोट काढण्यात जायचा.

पण बाकी सगळं गेलं तरी भय्याजींची गाडी आपली, हा खुशालला धीर होता. भय्याजी म्हणजे राईस मिलचे मालक. त्यांच्या जुन्या काळ्या अँबॅसडरमध्ये एकोणसत्तर साली रेडिओ बसवला तो खुशालनं. चालत्या गाडीत गाणं वाजतं हे बघायला तेव्हा माणसं मिलपासून नाक्यापर्यंत मागे धावली होती. त्या दिवसापासून ती गाडी तो मनातल्या मनात स्वतःची समजायचा.

डोमा आल्याच्या पुढच्याच वर्षी, चैत्रात, भय्याजींनी नागपूरहून मोटारीत बसवायचा कॅसेट प्लेअर आणला. थोरल्या मुलाची वरात कोंढ्याला जायची होती आणि गाडीत टेप वाजलाच पाहिजे असा नवरदेवाचा हट्ट होता. जुना रेडिओ काढायचा नाही, त्याच्याच स्पीकरला टेप जोडायचा, असं ठरलं. खुशालला बातमी लागली तशी त्यानं दुकान झाडलं, टेबल पुसलं, काम संपलेल्या रेडिओंची रास आत लोटली. गाडी आली, हॉर्न वाजला, आणि ती समोर डोमाच्या दारात उभी राहिली.

भय्याजी स्वतः रस्ता ओलांडून आले. “राग मानू नको गा खुशाल. टेपचं काम नव्या पोट्ट्यायचं हाये. रेडिओ बिघडला तं तुयाच जवळ आनीन.”

“राग कायचा जी,” खुशाल म्हणाला, आणि त्या दिवशी त्यानं तीन रेडिओ उघडले, एकही बंद केला नाही.

संध्याकाळी ताट वाढता वाढता त्याची बायको कुंताबाई म्हणाली, “डोमा भय्याजीच्या गाडीत टेप बसवून राहिला म्हन्ते. हुशार हाये पोरगा. तुमाले येत नाही का ते?”

भाजीत मीठ अगदी बरोबर होतं. खुशाल म्हणाला, “भाजी खारट हाये,” आणि ताट सरकवून उठला.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोमाच त्याच्या दुकानाची पायरी चढून आला.

“खुशालभाऊ, हे गाडी तुमी पयल्यापासून पायली हाये. वायरिंगमंदी काही येगळं हाये का? म्या नागपुरात साऱ्या नव्याच गाड्या केल्या.”

वेगळं होतं. बॅटरीची एक वायर गाडीच्या लोखंडी अंगाला, म्हणजे बॉडीला, जोडलेली असते. नव्या गाड्यांत ती मायनसची असते. भय्याजींची गाडी जुन्या धाटणीची, तिच्यात बॉडीला प्लस होता. नेहमीसारखा जोडून टेप स्क्रूनं बॉडीला आवळला, की एका क्षणात त्याचा कोळसा होणार. बॅटरीवरच्या खुणा मळाखाली केव्हाच गेल्या होत्या आणि दोन्ही वायरी सारख्याच काळ्या पडल्या होत्या. गावात ही गोष्ट खुशाल सोडून कोणाला ठाऊक नव्हती.

“येगळं काय असन?” खुशाल हातातल्या स्क्रूड्रायव्हरकडे बघत म्हणाला. “साऱ्या गाड्यावानी गाडी.”

“बरं झालं इचारलं,” डोमा म्हणाला आणि गेला.

तो पाठमोरा होताच खुशाल मनात चित्र रंगवू लागला. डॅशबोर्डखालून धूर निघेल, भय्याजी लाल होतील, पुन्हा रस्ता ओलांडून येतील, आणि या खेपेला डोकं खाली घालून येतील. खोटं बोलल्याचं त्याला काही वाटलं नाही असं नाही, पण जे वाटलं ते या चित्रापुढे फार वेळ टिकलं नाही.

दुपारी तो समोरच्या तुलारामच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसला. तिथून डोमाचं दार हाताच्या अंतरावर होतं. गाडीभोवती वीसेक माणसं जमली होती. डोमानं जुना रेडिओ बाहेर काढून डिकीवर ठेवला, त्याचं झाकण उघडलं, आणि थांबला. बराच वेळ तो आतच बघत राहिला. मग बॅटरीपाशी जाऊन फडक्यानं मळ पुसला, मीटर लावला, आणि दुकानात शिरला.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं खुशालचं झालं. चहा निवला, साय धरली, तरी कप हातातच.

डोमा प्लायवूडची लहानशी पेटी आणि सायकलच्या ट्यूबचे तुकडे घेऊन आला. टेप त्यानं पेटीत असा बसवला की त्याच्या पत्र्याचा गाडीच्या लोखंडाला स्पर्शही होऊ नये. वायरी उलट्या जोडल्या. डॅशबोर्डखाली एक बटण लावलं: इकडे दाबलं की रेडिओ, तिकडे दाबलं की टेप. तासाभरानं त्यानं कॅसेट घातली आणि चौदा वर्षं जुन्या स्पीकरमधून सनई अशी निघाली की तुलाराम गाळणी हातात धरून बाहेर आला.

भय्याजींनी डोमाच्या पाठीवर थाप मारली. खुशालला ती आपल्या गालावर बसल्यासारखी लागली.

“मले नका शाबासकी देऊ जी,” डोमा म्हणाला. त्याच्या हातात एक पिवळा पडलेला कागद होता. “हे आयका.” आणि त्यानं सगळ्यांसमोर वाचलं: “‘सावधान. या गाडीची बॉडी प्लस आहे. पुढे जो कोणी उघडेल त्यानं आधी हे पाहावं, नाहीतर त्याचा माल जळेल. खुशाल, लाखनी, चार मे एकोणसत्तर.’ हे नसतं तं आज टेप गेला होता.”

चौदा वर्षांपूर्वीचा तो कागद खुशाल स्वतःच विसरून गेला होता. मग वाहवा झाली ती खुशालची. करायला गेला गणपती आणि झाला मारुती! भय्याजींनी त्याला टपरीवरून हाताला धरून आणलं, वरातीत पुढच्या सीटवर तूच बसायचं म्हणून सांगितलं. खुशालला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

डोमानं कोरा कागद आणि पेन्सिल पुढे केली. “जुना फाटला, भाऊ. नवा तुमीच लिवून द्या.” मग फक्त त्यालाच ऐकू जाईल इतक्या हळू तो म्हणाला, “सकाळी तुमी इसरले असान.”

खुशालनं वर बघितलं. डोमाला सगळं कळलं होतं, आणि तो ते कोणाला सांगणार नव्हता. पण आता डोमाचा मत्सर करायलासुद्धा खुशालला जोर उरला नव्हता. मत्सर वाटत होता तो दुसऱ्याच एका माणसाचा. एकोणसत्तर सालचं, पंचवीस वर्षांचं ते पोरगं, दुकानात दोन खुर्च्या नाहीत, गिऱ्हाईक आठवड्याला एक, आणि तरी जन्मात कधी न भेटणाऱ्या कारागिराचा माल जळू नये म्हणून वळणदार अक्षरात कागद लिहीत बसलं होतं. त्या पोराकडे जे होतं ते आपल्याकडे नाही, आणि ते कोणी हिरावून नेलेलं नाही, हे त्याला उघड दिसत होतं.

त्यानं कागद बोनेटवर धरला. ‘सावधान, बॉडी प्लस’ लिहिलं. तारीख लिहिली. खाली काम करणाऱ्याचं नाव यायला हवं होतं. पेन्सिल अडली. वीस माणसं बघत होती. त्यानं लिहिलं: ‘टेप जोडला, डोमा, लाखनी.’

“तुमचं बी लिवा नं,” डोमा म्हणाला.

“माह्यं कायले? म्या काही केलं नाही,” खुशाल म्हणाला. जुना कागद घडी करून त्यानं खिशात टाकला.

संध्याकाळी कुंताबाईनं ताट वाढलं. बातमी तिच्यापर्यंत आली होती, आणि इतक्या वर्षांत तिनं नवऱ्याकडे इतक्या कौतुकानं क्वचितच पाहिलं असेल. “सारा गाव तुमचं नाव घेऊन राहिला. तुमच्याच कागदानं टेप वाचला म्हन्ते.”

त्या आनंदाच्या भरात तिनं भाजीत दोनदा मीठ टाकलं होतं. खुशालनं पहिला घास घेतला, दुसरा घेतला, आणि ताट साफ केलं.