शुक्रवारचा वास

मित्रांनो, मी मोटारसायकलची एक फुगलेली, निकामी बॅटरी आहे. माझं वय फक्त अडीच वर्षं, पण माझ्याकडे बघून कुणाला ते खरं वाटणार नाही. कल्याणच्या एका बॅटरीच्या दुकानात, भंगारात जाणाऱ्या ढिगावर मी सर्वांत वर पडले आहे. उद्या-परवा टेम्पो येईल आणि आम्हा सगळ्यांना वितळवायला घेऊन जाईल. त्याआधी मला एका घराबद्दल सांगायचं आहे, कारण त्या घरात जे घडलं ते अजून संपलेलं नाही.

माझ्यासारख्या वस्तू बोलायला लागल्या की हमखास धुळीबद्दल आणि अडगळीबद्दल रडतात. माझी तक्रार तशी नाही. मला कुणी टाकून दिलं नव्हतं. माझी इतकी काळजी घेतली गेली की त्यातच माझा जीव गेला, आणि माझ्याबरोबर आणखी एकीचा जाता जाता राहिला.

आधी माझ्या स्वभावाबद्दल सांगते. माझ्या पोटात आम्ल असतं, पण ते पाण्यासारखं हलत नाही. ते घट्ट थिजवलेलं असतं, त्याला जेल म्हणतात. त्यामुळे मी आडवी झाले तरी सांडत नाही, माझ्यात कधी पाणी घालावं लागत नाही आणि माझं झाकण कायमचं बंद असतं. लोक मला ड्राय बॅटरी म्हणतात आणि हिला काही करावं लागत नाही, असं कौतुकाने सांगतात. कौतुक कुणाला आवडत नाही? पण मी आहे नाजूक. मला वीज थोडी थोडी आणि सावकाश द्यायची, आणि पोट भरलं की थांबायचं. साडेचौदा व्होल्टच्या वर कुणी नेलं की माझ्या जेलमध्ये बुडबुडे धरतात. ते बुडबुडे जेलला चिरा पाडतात, आणि एकदा चिरलेलं जेल पुन्हा सांधलं जात नाही. हे सगळं माझ्या अंगावर लिहिलेलं आहे. अक्षर मात्र इतकं बारीक की ते वाचण्याच्या फंदात कुणी पडत नाही.

मला विकत घेतलं साईनाथने. हा मुलगा मालवाहू जहाजावर नोकरीला. आठ महिने समुद्रावर आणि तीन-चार महिने घरी, डोंबिवलीला मानपाड्याजवळच्या सोसायटीत. घरी असला की त्याची मोटारसायकल आणि मी सतत रस्त्यावर असायचो. टिटवाळा, मुरबाड, कधी थेट माळशेज. सकाळी त्याने बटण दाबलं की मी एका दमात इंजिन उठवायची. "एका बटणात उठते, बघ," असं तो मित्रांना दाखवायचा. ते माझे सुखाचे दिवस होते.

मग पुन्हा त्याची जहाजावर जायची तारीख आली. याआधी तो नसताना गाडी त्याचा एक मित्र फिरवायचा, या वेळी तोही गावात नव्हता. बॅग उचलताना तो वडिलांना एवढंच म्हणाला, "पप्पा, गाडी उभीच राहणार आहे. बॅटरी तेवढी उतरू देऊ नका."

त्याचे वडील मारुतीराव. मूळचे कऱ्हाडकडचे. मानपाड्याजवळच्या एका रंगाच्या कंपनीत एकतीस वर्षं विजेची कामं केलेला माणूस. पोरगा आठ महिने डोळ्यांआड होणार, त्याच्यासाठी करता येण्यासारखं एकच काम त्याने सांगितलेलं. मारुतीरावांनी ते मनावर घेतलं. खालून गाड्यांच्या बॅटऱ्या चोरीला जातात म्हणून त्यांनी मला दुसऱ्याच दिवशी गाडीतून काढलं, तेही नियमाने, आधी काळी तार आणि मग लाल. फडक्याने पुसून मला घरात आणलं. त्यांच्या हातात कसब होतं, हे मला नाकारता येणार नाही.

त्यांच्याकडे स्वतः बांधलेला एक चार्जर होता. लोखंडी पेटी, वर काटा हलणारं मीटर, आत भलामोठा ट्रान्सफॉर्मर. कंपनीतल्या ट्रकच्या पाण्याच्या बॅटऱ्यांसाठी त्यांनी तो बांधला होता आणि निवृत्त होताना साहेबांना विचारून घरी आणला होता. त्या चार्जरला थांबणं ठाऊक नव्हतं. माणसाने बंद करेपर्यंत तो ढकलत राहायचा, सोळा व्होल्टपर्यंत आणि त्याच्याही पुढे. ट्रकच्या बॅटऱ्या तो मार सोसायच्या. त्यांना वरून पाणी घालता यायचं. मला पाणी घालायला तोंडच नाही.

आता जागेचं सांगते. मोठा प्लग होता बंद केलेल्या बाल्कनीत, वॉशिंग मशीनपाशी. त्याच बाल्कनीत साईनाथची आई, मालनताई, यांची खाट होती. मालनताईंना दम्याचा त्रास. दुपारी त्या तिथे उजेडाला पडायच्या. मला ठेवलं त्यांच्या खाटेखाली, बरोबर उशीच्या बाजूला.

आणि वार ठरला शुक्रवार. मारुतीरावांच्या कंपनीला आणि आजूबाजूच्या कंपन्यांनाही शुक्रवारची सुट्टी असायची. पंखा उघडायचा, इस्त्री दुरुस्त करायची, ही घरातली कामं त्यांनी एकतीस वर्षं शुक्रवारीच केलेली. निवृत्त झाल्यावरही हाताला तीच सवय राहिली.

पहिल्या शुक्रवारी दोन तास. मला पुरे होतं, खरं तर महिन्यातून एकदा थोडी वीज मिळाली असती तरी भागलं असतं. पण पुढच्या शुक्रवारी पुन्हा दोन तास, त्याच्या पुढच्या शुक्रवारी पुन्हा. चौथ्या वेळी माझ्या पोटात पहिली चीर गेली. त्यानंतर मी आठवडाभर वीज धरून ठेवीना. मारुतीरावांनी मीटर लावून पाहिलं आणि म्हणाले, "अजून उपाशीच आहे ही." दोनाचे चार तास झाले, चाराचे सहा. मी जितकी खराब होत गेले, तितकी त्यांची सेवा वाढत गेली.

मग वास सुरू झाला. मित्रांनो, माझ्यासारखीला जास्त तापवलं की माझ्या बारीक झडपा उघडतात आणि आतला वायू बाहेर पडतो. त्याला कुजक्या अंड्यांचा वास असतो. तो छातीला वाईट. आणि त्याच्याबरोबर आणखी एक वायू निघतो, त्याला वास नसतो, पण एका ठिणगीने तो पेट घेतो. दुसऱ्या कुठल्या गावात असा वास आला असता तर माणसांनी घरभर शोधलं असतं. मानपाड्यात कुणी शोधत नाही. तिथे रसायनांच्या कंपन्या घरांना लागूनच, त्यामुळे वास आला की तो कंपनीचाच, हे लहान पोरंही सांगतात.

"अहो, आज परत सोडलाय बघा कंपनीने," मालनताई खाटेवरून म्हणाल्या. "घशात खवखवतंय."

"खिडक्या लावून घे सगळ्या," मारुतीराव म्हणाले. "मी ग्रुपवर टाकतो."

त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं, वास येतोय का कुणाला. समोरच्या तुळसाबाईंनी लगेच लिहिलं, हो, आमच्याकडे पण. बी विंगवाल्यांनी लिहिलं, आमच्याकडे तर जास्तच. कुणाचे डोळे चुरचुरत होते, कुणाला मळमळत होतं. खाटेखाली मी तापत होते आणि तीन मजल्यांवरची माणसं माझ्या वासाची साक्ष देत होती. हसावं की रडावं, कळेना.

खिडक्या बंद झाल्या. पुढच्या शुक्रवारी फटींमध्ये वर्तमानपत्र कोंबलं गेलं. त्याच्या पुढच्या शुक्रवारी मारुतीरावांनी चिकटपट्टी आणली आणि खिडकीच्या चारी कडा बंद केल्या, मालनताईंना वारा लागू नये म्हणून. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की अहो, बाहेर नाही, आत बघा. मला कुठला आवाज?

माझ्या बाजू फुगल्या होत्या. मारुतीरावांनी त्यावरून हात फिरवला आणि हसून म्हणाले, "अंगाने भरलीय जरा." त्या दिवशी मला पहिल्यांदा त्यांची भीती वाटली.

मालनताईंचा खोकला वाढत गेला. श्वास घेताना त्यांच्या छातीतून शिट्टी वाजायची. डॉक्टरांनी दम्याचा पंप बदलून दिला. मारुतीराव आल्याचा काढा करायचे, पाठ चोळायचे, कंपन्यांना शिव्या घालायचे, आणि खाली वाकून काटा बघायचे. दोघींची सेवा एकदमच चालू होती.

तो अकरावा शुक्रवार होता. सकाळी नऊला लावलेली मी दुपारी तीनला इतकी तापले होते की फरशी गरम झाली. वास बाल्कनीत कोंडला होता. मालनताई उठून बसल्या. त्यांना श्वास आत घेता येत होता, बाहेर सोडता येत नव्हता. ओठ काळपट पडले. मारुतीराव धावत आले, त्यांनी पंप तोंडाला लावला. एकदा, दोनदा, तीनदा. "थांब, थांब. गॅस आहे बाहेर. मी तक्रार करतो आत्ता, फोन लावतो कंपनीला," ते म्हणत होते.

मालनताईंनी त्यांचा हात धरला. एकेक शब्द वेगळा काढत त्या म्हणाल्या, "आज... शुक्रवार ना? कंपनी... बंद."

एकतीस वर्षं या बाईने आठवड्याचे सहा दिवस नवऱ्याचा डबा भरला होता आणि शुक्रवारी भरला नव्हता. तिला ते सांगावं लागलं. मारुतीरावांनी नाकाने हुंगलं आणि सावकाश गुडघ्यांवर बसले. माझ्या अंगाला हात लावला आणि झटक्यात मागे घेतला.

त्यांचा हात माझ्या लाल चिमट्याकडे निघाला. चार्जर चालूच होता. मित्रांनो, चालू चार्जरचा चिमटा ओढला की ठिणगी पडते, आणि ती बंद बाल्कनी तेव्हा माझ्या वायूने भरलेली होती. बोटं चिमट्यापासून वीतभर राहिली असतील. तिथे ती थांबली. जुन्या सवयीने म्हणा, पण ते उठले, आधी बाल्कनीबाहेर जाऊन मेन स्विच पाडला आणि मग परत येऊन दोन्ही हातांनी चिकटपट्टी ओरबाडून काढली. तुळसाबाई रिक्षा घेऊन आल्या. मालनताईंना धरून खाली नेलं.

चार दिवसांनी त्या हॉस्पिटलमधून घरी आल्या. मला तोवर जिन्यात ठेवलं होतं, त्यामुळे दाराशी झालेलं बोलणं मी ऐकलं. तुळसाबाई विचारत होत्या, डॉक्टर काय म्हणाले. मारुतीराव हळू आवाजात म्हणाले, "या वेळी निभावलं. परत असं झालं तर हातात काही नाही म्हणाले." आणि लगेच पुढे म्हणाले, "बॅटरीच खराब निघाली हो."

साईनाथलाही त्यांनी फोनवर तेच सांगितलं. बॅटरी खराब निघाली.

आज सकाळी ते मला या दुकानात घेऊन आले. दुकान अनिमेष नावाच्या तरुणाचं आहे. त्याने मला उचललं, माझ्या फुगलेल्या बाजू बघितल्या, जवळ धरून वास घेतला. त्याला एका नजरेत कळलं.

"काका, ही ओव्हरचार्ज झालेली आहे," मला ढिगावर ठेवत तो म्हणाला. "घरी कुठल्या चार्जरवर लावायचात का?"

किती साधा प्रश्न. मी ढिगावरून मारुतीरावांकडे बघत होते. त्यांचे ओठ हलले. खरं उत्तर त्यांच्या जिभेवर होतं, पण ते बाहेर आलं असतं तर त्याच्यामागून दुसरंही बाहेर आलं असतं, की मालनचा श्वास कंपनीने कोंडला नव्हता, बॅटरीनेही नव्हता. ते त्यांना पेललं नाही.

"छे," ते म्हणाले. "घरी कधी लावलीच नाही."

"मग गाडीचा रेग्युलेटर गेला असेल, तोच बॅटरीला जास्त वीज सोडत असेल. दाखवून घ्या," अनिमेष म्हणाला आणि नवी बॅटरी काढायला वळला. खोक्यावर बिल ठेवताना त्याने सांगितलं, "गाडी उभीच असते ना? मग जेलचा छोटा चार्जर लागेल, आपोआप बंद होणारा. देऊ?"

"नको," मारुतीराव म्हणाले. "चार्जर आहे घरी."

नवी बॅटरी त्यांनी दोन्ही हातांनी उचलली आणि मुलाची वस्तू जपून न्यावी तशी रिक्षात नेऊन ठेवली. आता ती पोचली असेल. तिच्या अंगावरही बारीक अक्षरं आहेत. लोखंडी पेटी तिथेच आहे, मोठा प्लगही तिथेच आहे, आणि साईनाथला यायला अजून पाच महिने आहेत. या वेळी मारुतीराव आणखी जास्त काळजी घेतील.

मित्रांनो, मारुतीराव वाईट नाहीत. मी त्यांच्यावर रागावलेली नाही, मला त्यांच्यासाठी भीती वाटते. तुमच्या घरी कुणी अशी बॅटरी चार्ज करत असेल तर शेजारी जाऊन उभे राहा आणि विचारा, चार्जर कुठला आहे, कधी बंद होणार, वारा कुठून येतो. मोठी माणसं आधी म्हणतील, काही नाही, मला कळतं. अनिमेष भला मुलगा आहे, पण त्याने एकदाच विचारलं. तुम्ही पुन्हा विचारा.