चार नाड्यांचा सदरा

कमलम्मानं टेप प्रतिक्षाच्या मनगटाभोवती फिरवली आणि तिथंच थांबवली. मग टेप सोडून दिली, ते मनगट दोन बोटांत धरलं आणि दाराच्या उजेडाकडं वळवलं.

"बांगडी न्हाय ही."

प्रतिक्षानं हात ओढून घेतला. कमलम्मानं तो परत ओढला.

मनगटाच्या आतल्या अंगाला दोन फिकट रेघा होत्या, एकीला लागून एक, आणि त्यांच्यात तिरके पीळ उमटलेले होते. दुसऱ्या कुणाला घामोळं वाटलं असतं. पण कमलम्माचं लहानपण साखर पेठेत मागाच्या कांड्या भरण्यात गेलेलं. सूत नुसतं गालाला लावून ती त्याचा नंबर सांगायची. एकदा तर म्हणे शेजारच्या मागावर धागा तुटला, तर हिनं भिंतीअलीकडून आवाजावरून सांगितलं, तुटला तो हिरवा तुटला. जाऊन बघितलं तर हिरवाच.

"तीन पदरी," ती म्हणाली. "सुती. मांडवाला लावत्यात ती दोरी." आणि आवाज खाली आणून, "सुमित मारतो काय गं?"

"नाही हो!"

"मग बांधून ठेवतो?"

प्रतिक्षाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "तसं नाही."

"मग कसं?" कमलम्माच्या हातात आता मोठी कात्री आली होती. "बचत गटाच्या अकरा बायका हायत माझ्या. हाक मारली की येत्यात. त्यातली एक तर झोपताना बी लाटणं उशाला घेती. लपवू नको बघ."

प्रतिक्षानं इकडं तिकडं बघितलं. शाळेच्या निळ्या चड्ड्यांचा कमरेइतका ढीग. गर्रगर्र फिरणारा आणि वारा न देणारा पंखा. भिंतीवर कमलम्माच्या नवऱ्याचा, चनबसप्पा मास्तरांचा फोटो, गळ्यात टेप आणि टेपवर चंदनाचा हार. मास्तर जाऊन नऊ वर्षं झाली होती, दुकानाच्या पाटीवर अजून त्यांनीच रंगवलेलं 'चनबसप्पा टेलर्स' होतं.

"मल्लखांब," ती म्हणाली. "दोरीचा मल्लखांब लावलाय मी."

छत्तीस वर्षांची बाई. दुकानाच्या तीन पायऱ्या चढून आली तेव्हा धापा टाकत होती. कमलम्मानं तिला चपलेपासून क्लिपपर्यंत सावकाश बघून घेतलं.

"बरं," ती म्हणाली आणि कात्री खाली ठेवली. "मल्लखांबाला काय शिवायचं?"

प्रतिक्षानं हे तीन दिवस मनात घोळवलं होतं, म्हणून ते एका दमात बाहेर पडलं. "सदरा आणि पायजमा. बाही पूर्ण, मनगटाच्या पुढं आली तरी चालेल. कापड सुती. मागं हूक नको. बटणं नकोत. चेन नको. इलॅस्टिक पण नको, रुततं."

"मग आत शिरणार कशी? धूर होऊन?"

"ते तुम्ही बघा की."

"एप्रिल हाय. रस्त्यावर डांबर चिकटालंय चपलेला. आन् हिला पूर्ण बाही." कमलम्मानं टेप पुन्हा उचलली. "हात वर कर."

मापं तिनं कुठं लिहून ठेवली नाहीत. तिला लिहिता येतच नव्हतं. अर्ध्या सोलापूरच्या छात्या आणि कमरा तिच्या डोक्यात होत्या, आणि लग्नानंतर कुणाच्या किती वाढल्या तेही. प्रतिक्षाची मापं घेताना मात्र ती मध्येच थांबली, बत्तीस, बत्तीस असं स्वतःशीच पुटपुटली आणि फोटोकडं बघत म्हणाली, "शनिवारी ये."

खरी गोष्ट मल्लखांबापेक्षा साधी होती. प्रतिक्षा एका दवाखान्यात नंबर लावायच्या खिडकीत बसायची. सकाळी आठपासून खिडकीच्या गजांतून हात आत यायचे, केसपेपर हलवायचे, माझा नंबर कधी, माझ्यानंतरची आत कशी गेली. घरी आल्यावरही तिची बोटं थांबायची नाहीत. भाकरीच्या पिठावर नंबर टाकायची, झोपेत उशीवर शिक्के मारायची. सुमितचा मंडपाचा धंदा. गेल्या दिवाळीत तो नव्या कामगाराला शिकवायची एक गाठ घरी घोटत होता, आणि खांब नव्हता म्हणून त्यानं बायकोची दोन मनगटं घेतली. गाठ बसली. तो सोडायला लागला, तर ती म्हणाली, "राहू दे जरा."

वीस मिनिटं ती तशीच बसून राहिली. बोटं गप्प. डोक्यातली खिडकी बंद.

त्यानंतर ज्या ज्या रविवारी सासूबाई कुठं गेल्या, त्या त्या रविवारी दुपारी दार लावून ती दोरी निघाली. दोघांनाही ती आवडायला लागली होती, त्याला तिच्यापेक्षा थोडी उशिरा आणि थोडी जास्त घाबरत. अडचण एकच, घालायचं काय. काहीच न घालण्याचा विचार दोघांनी एकदा केला आणि दोघेही लाजून चहा प्यायला उठले. नायलॉनच्या गाऊनवर दोरी सरकली आणि दंडाला चटका बसला. जीन्सची जाड शिवण मांडीत रुतली. साडी नेसली त्या दिवशी तर पाचशे पानांचा मांडव एका दुपारीत उभा करणारा सुमित एक टोक हातात धरून बसला होता आणि विचारत होता, "हे तुझं का माझं?" शेवटी रक्तदान शिबिरात मिळालेला टी-शर्ट. तो मऊ होता, पण बाही अर्धी. मनगट उघडं राहिलं आणि मागच्या रविवारी ती खूण उठली.

तिला दुखलं नव्हतं. तिला कळलंही नव्हतं. सुमितनं मात्र दोरी सोडली, रेघा बघितल्या आणि तो पलंगाच्या कडेला बसून राहिला.

"मैंदर्गीला आमच्या शेजारी एक काकू होत्या," तो म्हणाला. "भर मे महिन्यात पूर्ण बाहीचा ब्लाऊज घालायच्या. का घालतात ते गल्लीतल्या पोरांना पण ठाऊक होतं."

"सुमित, हे तसं नाही."

"माहितेय मला. हाताला माहीत नाही ना."

दोरी गोडाऊनला परत न्यायची असं त्यानं ठरवलं. तिनं हट्ट केला तेव्हा एवढंच कबूल केलं की आई मैंदर्गीला जाईल त्या रविवारी एकदा, शेवटचं. खूण उठली तर संपलं.

तेव्हापासून प्रतिक्षाची बोटं जास्तच वळवळायला लागली होती. आता त्यात कमलम्माची कात्री आली. गुरुवारी खिडकीत बसल्या बसल्या तिला वाटलं, रांगेतल्या सगळ्या बायका बचत गटाच्या आहेत. शुक्रवारी घरी दाराची कडी वाजली तर तिनं आधी फटीतून लाटणं दिसतंय का बघितलं. गॅसवाला होता. सुमितला तिनं काहीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दोरी रविवारच्या आधीच गोडाऊनला गेली असती.

शनिवारी तिनं चप्पल पायात सरकवली, तोच तिच्या सासूबाई, मथुराबाई, आतून पिशवी घेऊन बाहेर आल्या.

"कमळीकडं चाललीस न्हवं? मी बी येते. माजा ब्लाऊज हाय तितं. उद्या मैंदर्गीला डोहाळजेवणाला काय जुनाच घालू?"

"मी आणते की, आई."

"तू आनशील. पर बसतोय का न्हाय, ते तू बगनार व्हय?"

रस्ताभर प्रतिक्षा सासूच्या दोन पावलं पुढं चालत राहिली आणि पुन्हा पुन्हा मागं येत राहिली. दुकानाच्या तिन्ही पायऱ्या तिनं एका झपाट्यात चढल्या. पण उशीर झाला होता. सदरा फळीवर पसरलेला होता, आणि मथुराबाईंची नजर मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर घारीसारखी झाली होती.

"अगं कमळे, हे काय केलंस? उलटं शिवलंस की! शिवण सगळी भाईर."

कमलम्मा मशीनवरून उठली नाही.

"आन् बाराबंदीवानी नाड्या?" मथुराबाईंनी सदरा दोन्ही हातांत धरून उचलला. धुऊन धुऊन मऊ केलेलं मांजरपाट होतं, सायीच्या रंगाचं. डाव्या कुशीला चार नाड्या. बाह्या लांब, टोकाशी दुमडलेल्या. "बायकी माप दिसतंय. कुनाचं गं हे?"

प्रतिक्षाची बोटं पिशवीच्या बंदावर भराभर चालत होती, एक, दोन, तीन, चार, पुढचा कोण.

"माझं," कमलम्मा म्हणाली.

मथुराबाईंनी सदऱ्याकडं बघितलं. मग कमलम्माकडं. कमलम्मा खुर्चीत मावत नव्हती म्हणून बाकड्यावर बसायची.

"तुजा एक हात जाईल ह्यात."

"आता एक हात जातो. पूर्वी सगळी जायची की." कमलम्मानं दातानं दोरा तोडला. "लग्न झालं तवा मी मल्लखांब करत होते. दोरीचा."

"तू?"

"मग! वर आढ्याला दोरी, दोरीत अंगठा, आन् मी खाली डोकं वर पाय. तशीच लटकून पोरांच्या चड्ड्यांना काज करायची. दिवसाला चाळीस. एकदा मास्तर जेवायला बसले तर मी वरूनच वाढलं. आमटीचा एक थेंब सांडला न्हाय."

मथुराबाईंना हसताना बसावं लागलं. "आगं बया! आन् मास्तर काय म्हनायचे?"

"मास्तर काय म्हणणार. दोरी त्यांनीच बांधलेली."

मथुराबाई पदरानं डोळे पुसत राहिल्या. प्रतिक्षा हसली नाही. ती कमलम्माकडं बघत होती, आणि कमलम्मा मथुराबाईंचा ब्लाऊज घडी करत होती.

"गप बाई, लई खोटं बोलतीस तू," मथुराबाई उठल्या. ब्लाऊज अंगाला लावून बघितला, काखेत ओढून बघितला आणि पिशवीत घातला. "मी कोपऱ्यावरनं शेंगाचटणी घेते उद्याला. तू ये गं मागनं."

त्या पायऱ्या उतरून गेल्या. पंखा गर्रगर्र करत राहिला.

"मावशी..." प्रतिक्षा म्हणाली.

"आत हात घालून बघ. कुठं टोचतंय का."

प्रतिक्षानं बाहीत हात घातला. आतून काहीच लागलं नाही, ना शिवण, ना गाठ, ना कापडाची कड. टोकाच्या दुमडीमुळं मनगटाशी कापड दुहेरी होत होतं. उजव्या मांडीशी, पायजम्याला, एक छोटा खिसा होता. त्यात काहीतरी गार लागलं. तिनं बाहेर काढलं. बोटभर कात्री होती, टोकं घासून बोथट केलेली.

"ती तुझ्या खिशात घरी जाईपर्यंतच. घरी गेलीस की त्याच्या खिशात द्यायची," कमलम्मा म्हणाली. "तुझ्या हातांचा काय उपयोग तेव्हा."

प्रतिक्षाला खाली बघावंसं वाटलं, पण तिनं बघितलं नाही.

"तुम्हाला कधी कळलं?"

"काय कळलं? मल्लखांब हाय. मल्लखांबात कात्री लागती." कमलम्मानं फळीवरचा खाकी कागद गोळा केला. सदरा ज्यावरून बेतला होता ते कागदी कटिंग होतं ते. कडा पिवळ्या पडून झिजलेल्या, घड्यांवर चिकटपट्टीची ठिगळं. तिनं त्याची सुरळी केली, वर दोऱ्याचे तीन वेढे घेतले आणि न बघता एक गाठ मारली. मग सुरळी प्रतिक्षापुढं धरली. "सुमितला सांग, गाठ अशी पाहिजे. किती बी ताण, रुतायची न्हाय. आन् हे एक टोक बाहेर ठेवायचं. ओढ."

प्रतिक्षानं ओढलं. तिन्ही वेढे एकदम सुटले आणि कागद फळीवर आपसूक उलगडत गेला, शेवटच्या कोपऱ्यापर्यंत.

कोपऱ्यात पेन्सिलनं लिहिलेलं होतं. अक्षर बाहेरच्या पाटीवरचं होतं, तोच लांब शेपटीचा ल. कमला. छाती ३२. बाही पूर्ण. चार नाड्या, डाव्या कुशीला. त्याच्या खाली तारीख, प्रतिक्षाच्या जन्माच्या कितीतरी आधीची. आणि तारखेच्या खाली, दोनदा अधोरेखित, शिवण बाहेर.

प्रतिक्षाची बोटं पिशवीच्या बंदावर थांबली होती. बाहेरून मथुराबाईंनी हाक मारली, तिखट घेऊ का मध्यम म्हणून.

"तिखट घ्या!" कमलम्मानंच ओरडून सांगितलं आणि कागद परत गुंडाळायला घेतला.

"मावशी, ह्यावर..."

"मला कुठं वाचता येतंय," कमलम्मा म्हणाली. "पाठ हाय."

आणि तिनं तीच गाठ पुन्हा मारली.