सगळ्यांना येणारा बोर्ड

आधीच सांगते, मला रडकी माणसं आवडत नाहीत. शाळेची रोबोटिक्स लॅब चौदा वर्षं सांभाळतेय, रडून एकही मोटर फिरलेली पाहिली नाही. तेव्हा हे ऐकून माझ्यासमोर कुणी नाक ओढू नये.

त्या मुलीला सगळे फ्यूज म्हणायचे, कारण पहिल्याच दिवशी तिने लॅबचा फ्यूज उडवला होता. दहावीत होती. आई हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करायची. त्या वर्षी रोबोटिक्सची स्पर्धा जिंकणाऱ्या टीममधल्या चौघांना तंत्रनिकेतनात थेट प्रवेश मिळणार होता, फी माफ, वसतिगृहासकट. फ्यूजला तिथे जायला दुसरी वाटच नव्हती. हे तिला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, अगदी शिपायालासुद्धा ठाऊक होतं.

रोबोट चालवायला सर्किट बोर्ड कोणता घ्यायचा यावर बैठक बसली. एक विक्रेता चकचकीत डबा घेऊन आला होता. हा चेहरे ओळखतो म्हणे, बोलतो म्हणे. संस्थेचे अध्यक्ष नुसते हरखून गेले. मी विचारलं, "आमच्या जुन्या कॉम्प्युटरवर चालेल का?" तर म्हणतो कसा, "कॉम्प्युटर तेवढे बदलून घ्या!"

तेवढ्यात फ्यूज उभी राहिली आणि अध्यक्षांना म्हणाली, "सर, आठवीपासून वापरतो तो छोटा बोर्डच घेऊ या. स्वस्त आहे, आपल्या खटाऱ्यांवर चालतो. जळला तर समोरच्या रिपेअरवाल्याकडे दुसरा मिळतो. आणि तो सगळ्यांना येतो. या डब्याचं काही बिनसलं तर भर स्पर्धेत या काकांना फोन लावायचा का?"

काकांचं तोंड एवढंसं झालं. मला तर उठून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. छोटा बोर्ड ठरला.

माझ्या लॅबचा एक नियम आहे. जे आपल्याला येतं ते दोघांना शिकवल्याशिवाय पुढच्या कामाला हात लावायचा नाही. बाकीची कार्टी नियमाच्या नावाने नाकं मुरडतात. फ्यूजने मात्र तो मनावर घेतला. प्रोग्राम तिचाच, पण तिने त्याची ओळ न् ओळ टीममधल्या तिघांच्या डोक्यात उतरवली. शिवाय अध्यक्षांचा पुतण्या राखीव म्हणून बसायचा. त्याला सेन्सर उलटा लावलाय की सुलटा हेही कळायचं नाही. फ्यूजने त्याच्याशी तीन आठवडे डोकेफोड केली. मी एकदा म्हटलंसुद्धा, "कशाला जीव काढतेस त्या दगडासाठी?" तर म्हणाली, "बाई, नियम तुमचाच आहे की!"

स्पर्धेला आठवडा उरला आणि अध्यक्षांनी बोलावून घेतलं. पुतण्या टीममध्ये हवा. जागा चारच. मी नकार देऊ शकले असते. फार तर लॅबची चावी गेली असती. पण ती चावी मला प्यारी आहे, हे सांगायला मी लाजत नाही.

आता काढायचं कुणाला? टीममधल्या लंबूसारखे रोबोटचे हात कुणालाच जोडता यायचे नाहीत. बॅटरी आणि वायरिंग जुळ्या बहिणींशिवाय कुणाला कळायचं नाही. या तिघांनी माझा नियम धाब्यावर बसवला होता. राहिला प्रोग्राम. मी तो पुसून टाकला आणि एकेकाला बसवून पुन्हा लिहायला लावला. सगळ्यांनी लिहिला. पुतण्यानेही लिहिला, दोन चुका करून, त्याही स्वतःच दुरुस्त केल्या. फ्यूज आनंदाने उड्याच मारायला लागली. "बाई, याला जमलं! बघितलंत?"

"बघितलं," मी म्हटलं. "आता तुझ्यावाचून अडत नाही. तुझ्या जागी हा जाईल."

ती आधी हसली. मग तिने टेबलावरचा रोबोट जवळ ओढला. रडली नाही, हे मात्र कबूल करायला हवं. एवढंच म्हणाली, "सेन्सरची वायर सैल होते कधी कधी. ती कशी दाबायची तेवढं त्याला पुन्हा दाखवते." आणि खरोखर दाखवायला बसली. तेव्हा मला तिचा संताप आला. एवढंही भांडता येऊ नये माणसाला?

स्पर्धेत ती वायर सैल झालीच. पुतण्याने दोन मिनिटांत दाबली. शेजारच्या टीमचा महागडा डबा बंद पडला होता आणि त्यांचे सर फोनवर कुणाच्या तरी हातापाया पडत होते. आम्ही जिंकलो. परीक्षकांनी विचारलं, "इतकं पक्कं कुणी शिकवलं?" जुळ्या बहिणींनी माना खाली घातल्या. लंबू बुटाची नाडी बांधायला लागला. पुतण्या म्हणाला, "बाईंनी." मी परीक्षकांना नमस्कार केला.

दोन दिवसांनी फ्यूजची आई लॅबमध्ये आली. भांडायलाच आली असणार म्हणून मी पदर खोचून उभी राहिले, मनात उत्तरंही जुळवून ठेवली होती. ती दारातच थांबली. चपला बाहेर काढल्या होत्या.

"बाई, रागावू नका, कामावरून तशीच आले," ती म्हणाली. "पोरीने सांगितलं सगळं. शिकवण्यात तुम्ही काही कमी केलं नाहीत, मीच कमी पडले, म्हणाली. मला यातलं काही कळत नाही. म्हणून तुम्हालाच विचारते, खरंच कमी पडली का हो ती?"

"हो," मी म्हटलं, "थोडी पडली."

ती मान हलवत म्हणाली, "मग घरी बोलेन तिला मी," आणि चपला घालून गेली.