नाचाच्या क्लासमधून सुटका

प्रकरण पहिले : दोघी लंगडतात

टिटवीने डावा पाय फरशीवरून फरफटत आरशासमोरून एक फेरी मारली, म्हाताऱ्या बदकासारखी. मागोमाग काडी. तिचा उजवा. रांगेतल्या मुली फिदीफिदी हसू लागल्या.

बाईंनी गाणं थांबवलं.

"दोघींना एकाच वेळी झालं हे?"

"हो ना, बाई," टिटवी म्हणाली. "साथ आलीये."

"चपला घाला आणि चालू लागा. उद्यापासून येऊ नका."

प्रकरण दुसरे : हे खरं तर आधी यायला हवं होतं

क्लासचं खूळ टिटवीचं. काडीला तिनेच ओढत नेलं आणि स्वतः आठवड्यात कंटाळली. काडी मात्र छान नाचायची. त्यामुळे सोडायचं तिनेच काढलं तेव्हा टिटवीला हायसं वाटलं. युक्तीही काडीचीच.

"एकटी लंगडले तर बाई आईला फोन करतील. दोघी लंगडलो तर हाकलून देतील."

टिटवीला युक्ती इतकी आवडली की तिने पुढे काही विचारलंच नाही.

प्रकरण तिसरे : सुटका

टिटवी उड्या मारत जिना उतरली आणि वळली. काडी कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होती.

"बास की आता! कोणी बघत नाहीये."

काडी खाली पोचली आणि शेवटच्या पायरीवर टेकली.

"पुन्हा दुखतोय. मागच्या वर्षीसारखा."

मागच्या वर्षी काडी कितीतरी दिवस शाळेत नव्हती. परत आली तेव्हा तिचं दप्तर तिची आई वर्गापर्यंत आणून द्यायची.

"आईला सांग ना."

"ती नळ सोडून रडते. मला ऐकू जाऊ नये म्हणून." काडीने चपलेचा पट्टा नीट केला. "जातं ऐकू."

टिटवीने काडीचा हात धरला.

"क्लास सुटला ना? आता दुखायचं थांबेल."

"थांबेल?"

"थांबेल गं."

प्रकरण चौथे : काकू

वळणावर काडीची आई समोरूनच आली. दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या.

"अगं, हिला काय झालं? पाय का ओढतेय ही?"

एक पिशवी हातातून सुटली. कांदे रस्त्यावर घरंगळले. काडीने टिटवीकडे पाहिलं.

टिटवीने डावा पाय फरफटला.

"नाटक करतोय, काकू. कोण जास्त चांगलं लंगडतं ते बघतोय."

काकूंनी छातीवर हात ठेवला. मग हसू आलं त्यांना.

"कार्ट्यांनो, जीव घ्याल माझा एखाद्या दिवशी! मग? कोण जिंकतंय?"

"काडी," टिटवी म्हणाली.

तिघींनी कांदे वेचले. पिशव्या उचलून काकू स्वतःच लंगडत पुढे निघाल्या, खांदे उडवत.

"माझं बघा, माझं!"

काडी खदाखदा हसली. काडीच्या दारापर्यंत तिघी तशाच गेल्या. दार लागलं. टिटवी एकटी राहिली, तरी तिला पाय सरळ टाकवेना.